दूध खारट झालं तेव्हा

माझा मुलगा पहिल्यांदा माझ्या कुशीत आला तेव्हा त्याचं पोट भरलेलं होतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. अंबरनाथ पश्चिमेला, माझ्या माहेरापासून चालत जाण्यासारखं एक छोटं नर्सिंग होम होतं, तिथे माझं पहिलं बाळंतपण झालं. टाके घालून मला खोलीत आणलं तेव्हा मी विचारलं, "बाळ कुठंय?"

"झोपलाय," आई म्हणाली. "मध चाटवला, साखरपाणी पाजलं. गुणी आहे अगदी. तूही झोप आता."

तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी खरंच झोपले. संध्याकाळी तो जागा होऊन रडायला लागला, तेव्हा तिथल्या आयाने भरलेली दुधाची बाटली आणली. मी म्हटलं, "मी घेते ना त्याला."

"तुला अजून दूध कुठे उतरलंय? जाऊ देत दोन-तीन दिवस."

जे थोडं पिवळट, चिकट येत होतं तो चीक. तो बाळाला जड जातो असं आईचं मत होतं. ती मला तो वाटीत पिळून काढायला लावायची आणि मोरीत ओतून यायची. तिच्या आईने तिच्या बाळंतपणात हेच केलं होतं. नर्सिंग होममधलंही कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण चूक-बरोबर ठरवण्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं. मी बीए झालेली होते, पण त्या तीन वर्षांत या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पुढे मला जे झालं त्याची सुरुवात त्या वाटीपासून झाली हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वैद्यकीय माहिती पुस्तकांत मिळते. मी फक्त माझ्यावर काय गुजरलं ते सांगणार आहे. जिच्या छातीत आत्ता ठणका लागलाय आणि जिच्याभोवती पाच माणसं पाच सल्ले देतायत, तिला यातलं काही उपयोगी पडलं तर बरं.

आतली खोली

माहेर चाळीत, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली आतली खोली मला दिली. रस्त्याकडची खिडकी वारा लागू नये म्हणून बंद केलेली, वर चादर टांगलेली. कानांत कापूस, डोक्याला घट्ट रुमाल, खाटेखाली शेगडी आणि शेगडीत ओवा-शेपांचा धूर. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. आंघोळीपुरतं मोरीपर्यंत जायचं आणि परत खाटेवर. बाहेर भाजीवाला ओरडला की किती वाजले असतील याचा अंदाज यायचा, तेवढाच काय तो जगाशी संबंध.

माझे मिस्टर अंबरनाथच्याच एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला होते. शिफ्ट सुटली की सायकलवरून यायचे आणि दाराच्या पडद्यापलीकडे खुर्चीवर बसायचे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही असा आमच्याकडे रिवाज.

"बरं आहे ना?" ते विचारायचे.

"हो, आहे."

त्यापुढे बोलणं सरकायचं नाही. त्यांच्या शेजारीच माझे बाबा पेपर वाचत बसलेले असायचे.

दूध उतरलं ते एकदम. दोन्ही बाजू दगड झाल्या, काखेपर्यंत ताण. आता तरी बाळ पिईल असं मला वाटलं. पण त्याला बाटलीची सवय लागलेली, तिच्यातून दूध आपसूक तोंडात यायचं. माझ्याकडे मेहनत होती. तो दोन-चार चोखे घ्यायचा, मागे व्हायचा आणि लालबुंद होऊन रडायचा. आईला ते रडणं सहन व्हायचं नाही. ती धावत यायची. "उपाशी ठेवतेस का लेकराला? दे इकडे." मग बाटली. तो गटागटा प्यायचा, झोपायचा. माझं दूध माझ्या छातीतच राहायचं. एक-दोन दिवसांनी दगड आपोआप मऊ पडला आणि येणंही कमी झालं. आई म्हणाली, "तुझ्या अंगात दूधच कमी, काय करणार."

मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. पण मी दमले होते आणि आईला खात्री होती. दमलेल्या माणसाचं खात्री असलेल्या माणसापुढे काही चालत नाही.

तेवढ्यात सोनिवलीहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. सासरचे लोक मूळचे तिथलेच, भातशेतीवाले. सासूबाईंच्या माहेरी खाडीकाठी मिठागरं होती, लहानपणी त्यांनी तिथे कामही केलं होतं. त्या माझ्याजवळ बसल्या, नातवाला माझ्या छातीला लावून बघितलं. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. मग त्यांनी आपल्या तळहातावर माझ्या दुधाचे थेंब घेतले आणि जिभेला लावले.

"खारा लागतंय गो," त्या म्हणाल्या. "म्हनून बाल तोंड फिरवतंय."

आईनेही बोट लावून चाटलं. तिचाही चेहरा बदलला. "खरंच की."

"असला दूध नको पाजू पोरी. पोराचे पोटान दुखेल."

लग्नाच्या याद्या झाल्या त्या दिवसापासून या दोघींचं कशावरच एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. माझं दूध फिरलंय, ते द्यायचं नाही. मी खाटेवर पदर सावरून बसले होते. माझ्याच अंगातून आलेल्या गोष्टीबद्दल बोलणं चाललं होतं आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. आईने बाळ उचललं आणि पडद्याबाहेर नेलं. मला वाटलं, मीच नासले आहे. अंगात असं काहीतरी तयार होतंय की माझ्या मुलाला माझ्यापासून लांब ठेवणं बरं.

बारसं

बारशाच्या आदल्या दिवशी उजव्या बाजूला आतून टोचायला लागलं. हात लावला तर बाहेरच्या अंगाला सुपारीएवढी गाठ. आईला दाखवली. तिने आंबेहळद उगाळून लेप दिला, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. शेकताना बरं वाटायचं. थांबलं की दुप्पट ठणकायचं.

बारशाच्या दिवशी मला थंडी वाजून ताप होता. तरीही हिरवी साडी नेसून, ओटी भरून मला पाळण्याशी बसवलं. खोली बायकांनी गच्च भरलेली. नाव ठेवलं मंदार. बायका पाळण्यात वाकून बघत होत्या आणि मग माझ्याकडे.

"अंगावर पितो ना?"

"नाही हो, हिचं दूध खारट आहे," आई सांगायची. तिच्या मनात लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पावसाळा लांबला हे सांगावं तशा सुरात ती सांगायची.

मग प्रत्येकीचं काहीतरी. दृष्ट काढा. बाहेरचं कुणी येऊन गेलं का बघा. हिने तिखट खाल्लं असेल. एक बाई म्हणाल्या, "असू दे गं, बाटलीवरची मुलं काय मोठी होत नाहीत?" त्या चांगल्या मनाने बोलल्या. मला उठून जायचं होतं, पण मधोमध पाळणा, पाळण्याभोवती बायका आणि त्यांच्यापलीकडे दार. उजवा हात उचलला की काखेत कळ यायची. मी हसत बसले. फोटोत मी हसतेच आहे.

त्यानंतर गाठ वाढत गेली. सुपारीची लिंबाएवढी झाली. ताप उतरायचा आणि चढायचा. जवळच्या डॉक्टरांकडून बाबांनी तापाच्या गोळ्या आणल्या. मी तिथे जाऊन दाखवायचं नाही, कारण सव्वा महिना झाला नव्हता. डॉक्टरांना घरी बोलवावं तर छाती परपुरुषाला कशी दाखवायची. सगळीकडून वाट बंद होती, आणि ज्याने त्याने ती प्रेमाने बंद केली होती.

एका दुपारी आई बाहेर नळावर पाणी भरायला गेली. बाळ झोपलेलं होतं. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि ब्लाउज सोडला. कातडी लाल, ताणलेली, चकाकत होती. मध्ये एके ठिकाणी जांभळट. बोट लावलं तर आत काहीतरी डुचमळलं. मला तेव्हा समजलं की हे शेकण्याने जाणार नाही. मी मरेन असंही वाटलं. इथेच, या धुरात, सगळ्यांच्या देखरेखीखाली.

मी कानांतला कापूस काढला. पडदा सारून बाहेरच्या खोलीत आले आणि तशीच दारातून बाहेर जाऊन पायरीवर बसले. ऊन इतकं होतं की डोळे उघडेनात. मिस्टरांची पहिली पाळी सुटायची वेळ झाली होती.

आई हंडा घेऊन आली. "अगं, वेड लागलं का तुला? वारा लागेल. आत चल."

"मी आत येणार नाही."

"वैजू."

"आई, मी आत येणार नाही."

तिने हंडा खाली ठेवला. तेवढ्यात सायकल आली. मिस्टरांनी मला इतक्या दिवसांत उजेडात पहिल्यांदा पाहिलं. पडद्यापलीकडून 'बरं आहे' ऐकून त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. त्यांनी सायकल स्टँडवरही लावली नाही, भिंतीला टेकवली.

"मला डॉक्टरकडे न्या," मी म्हटलं.

"चल," ते म्हणाले. घरात जाऊन कुणाला काही विचारलं नाही. रिक्षा आणायला तसेच परत फिरले.

उल्हासनगर

कंपनीतल्या कुणाच्या तरी बायकोचं ऑपरेशन उल्हासनगरला झालं होतं, तिथल्या लेडी डॉक्टरकडे मला नेलं. दोन मजली हॉस्पिटल. खालच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्या मशिनींचा दिवसभर आवाज. डॉक्टर सिंधी होत्या, वय पन्नाशीचं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायच्या.

त्यांनी पाहिलं, हलक्या हाताने दाबलं आणि माझ्याकडे न बघता मिस्टरांना म्हणाल्या, "अंदर पस भर गया है. आजच खोलावं लागेल." मग माझ्याकडे वळल्या. "इतने दिन क्या करत होतीस, बेटा?"

मी रडायला लागले. काय करत होते मी? शेकत होते.

भूल देऊन चिरा दिला. शुद्धीवर आले तेव्हा त्या जागी मोठं बँडेज होतं आणि ठणका गेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या सुनेने डाळ-पकवान आणलं होतं. तिने न विचारता अर्धं माझ्या ताटलीत वाढलं. मी डाव्या हाताने खाल्लं. त्या चवीची आठवण अजून आहे.

सुटले असं वाटलं ते दुसऱ्या दिवशीच्या ड्रेसिंगपर्यंत. जखम शिवत नाहीत, उघडी ठेवतात आणि आत औषधाची गॉझपट्टी भरतात. ती रोज ओढून काढायची आणि नवी भरायची. पट्टी निघत असते आणि संपतच नाही. ट्रॉलीची चाकं व्हरांड्यात वाजली की मी चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. सिस्टर चांगली होती, म्हणायची, "दुसरीकडे बघा, काहीतरी बोला." मी छताचा पंखा बघायचे. कॉटचा दांडा धरून ठेवायचे. पळता येत नाही. पुन्हा एक खोली, पुन्हा एक खाट, फक्त धूर नाही एवढंच.

बाळ अंबरनाथला आईकडे होतं. मिस्टर खबर आणायचे. "छान आहे. दूध पितो." मग एके दिवशी ते बोलेनात.

"काय झालं?"

"जुलाब होतायत. काल दुपारपासून."

मी कॉटवरून उतरायला लागले तर सिस्टरने धरलं. मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बच्चे को यहाँ लाओ. अभी."

आईने त्याला दुपट्यात गुंडाळून आणलं. ते माझंच मूल आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. डोळे खोल, टाळू आत गेलेली, रडायचा आवाज मांजरीच्या पिलासारखा. आई म्हणत होती, "बाटली उकळून देत होते मी, देवाशपथ उकळून देत होते." तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्याला सलाईन लावलं. मग चमच्याने मीठ-साखरेचं पाणी. तो वाचला. हे एका वाक्यात लिहिलं, कारण ते तास मला नीट आठवत नाहीत आणि आठवायचेही नाहीत.

गोळी

तो जरा सावरल्यावर प्रश्न आला दुधाचा. मॅडमच्या मदतीला एक सर्जन यायचे, त्यांचं म्हणणं, दूध आटवायची गोळी देऊन टाका, जखम लवकर भरेल. आईचंही तेच. मिस्टरही म्हणाले, "तुला किती त्रास द्यायचा? बंद करू."

आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. आईच्या मायेच्या गोष्टी वाचताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं, कारण त्या वेळी माझ्या मनात माया शोधूनही सापडली नसती. माझं अंग माझं मला परत हवं होतं. कुणी हात लावू नये, कुणी पिळू नये, कुणी चाखू नये.

मॅडम कॉटवर बसल्या. "गोळी मैं कल भी दे सकती हूँ. आज एक बात सुन ले."

"माझं दूध खारट आहे," मी म्हटलं. "सासूबाईंनी चाखलंय."

मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "सच बोली सास. असेल खारं."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. सुरुवातीचं दूध सगळ्याच बायकांचं थोडं खारं असतं. बाळ चोखत राहतं, दूध निघत राहतं, तसं मीठ कमी होतं, गोडी वाढते आणि दूध भरभरून यायला लागतं. बाळाने चोखलंच नाही, त्याचं पोट दुसऱ्याच कशाने भरलं, तर दूध वाढत नाही आणि त्यातलं मीठही उतरत नाही. ते पहिल्या दिवसांसारखंच राहून जातं. छातीत सूज आली की आणखी खारं. मग बाळ तोंड फिरवतं. तोंड फिरवलं की दूध आणखी साठतं, नवं आणखी कमी तयार होतं, तेही आणखी खारं.

"गोल गोल," त्या बोट फिरवत म्हणाल्या. "अटकली तू इसमें. तेरा दूध बुरा नहीं है. फक्त कोणी प्यायलं नाही."

इतके दिवस मी धरून चालले होते की माझ्यात दोष आहे. सासूबाईंनी जे चाखलं ते खरं होतं. त्यावरून सगळ्यांनी जे ठरवलं ते उलटं होतं.

"आता उशीर झाला ना?" मी विचारलं.

"मुश्किल आहे. होईलच असं मी नाही सांगणार. डावी बाजू चांगली आहे. कोशिश करनी है तो मेरे सामने कर. नको असेल तर गोळी घे. गुन्हा नाही तो." त्या उठल्या. "पण तू ठरव. मम्मी नाही, मिस्टर नाही."

मला कुणी काही ठरवायला सांगितलं होतं ही गोष्टच मला नवी होती. मी प्रयत्नाला हो म्हटलं, ते थोडं मंदारसाठी आणि बरंचसं त्या एका वाक्यासाठी.

चमचा

डाव्या बाजूला लावलं की मंदार अजूनही तोंड फिरवायचा. मॅडमनी एक युक्ती दाखवली. बाळाला छातीला लावायचं आणि वरून चमच्याने गाईचं उकळलेलं दूध थेंब थेंब सोडायचं, म्हणजे ते घरंगळत त्याच्या तोंडात जातं. त्याला वाटतं इथून येतंय. तो चोखत राहतो. चोखत राहिला की खरंच यायला लागतं.

थेंब सोडायला दुसरं माणूस लागायचं. ते काम आईकडे आलं.

पहिल्या दिवशी तिचा नेम चुकला आणि दूध बाळाच्या डोळ्यात गेलं. मी इकडे बाळ धरून, ती तिकडे चमचा धरून, दोघींची डोकी जवळजवळ टेकलेली. असं दिवसातून कितीतरी वेळा. मान अवघडायची, उजवीकडची जखम ओढायची. तो रडला की आईचा हात सवयीने बाटलीकडे जायचा. बाटली नव्हतीच, मॅडमनी ती हॉस्पिटलातून हद्दपार केली होती. मग ती हात मागे घ्यायची.

एकदा असंच चाललेलं असताना ती चमच्याकडेच बघत म्हणाली, "मी काय तुझी वैरीण होते?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणत नाहीस. पायरीवर बसलीस त्या दिवशी सगळी चाळ बघत होती."

मला राग आला. इतकं सगळं झाल्यावरही तिला चाळीचं पडलं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण तिचे डोळे भरलेले होते आणि तरी चमचा हलला नव्हता. थेंब बरोबर जिथे पडायला हवा तिथे पडत होता.

"माझ्या वेळी मलाही त्याच खोलीत कोंडलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यामुळेच तू जगलीस."

मी बाळाचं डोकं जरा वर घेतलं, तिने पुढचा चमचा भरला. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

हळूहळू फरक पडत गेला. आधी तो चिडचिड न करता चोखायला लागला. मग थेंब कमी लागायला लागले. एका सकाळी आई चमचा घेऊन येईपर्यंत मी त्याला लावून ठेवलं होतं, तर त्याचा घसा हलताना दिसला. एक घोट, थांबला, दुसरा घोट. मी बोटाने आईला थांबवलं. ती चमचा तसाच हातात धरून उभी. तो पिऊन झोपल्यावर मी राहिलेला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. पाणचट होतं, थोडं गोड.

ते सगळ्या दुखण्याचं औषध झालं असं मात्र नाही. उजवीकडून कित्येक आठवडे जखमेतूनच दूध पाझरायचं, ब्लाउज ओले व्हायचे. ती बाजू मग कधी भरली नाही. तिथे आजही खड्डा आहे. मंदार एकाच बाजूवर वाढला, जोडीला वाटी-चमच्याने वरचं दूध द्यावं लागलं. घरी आल्यावर आई खोलीची खिडकी उघडी ठेवायला लागली, ती मी न सांगता. मिस्टर पडद्याच्या आत येऊन बसायला लागले. बाबा पेपर घेऊन बाहेरच्या ओट्यावर जायला लागले. पण मंदार रडला की हातातलं टाकून मी धावायचे, तो मोठा झाला तरी. शरीर बरं झालं, भीती मागे राहिली. असं होतं, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

मंगल

मंदार शाळेत जायला लागल्यावर आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला. सोनिवली जवळ आली, सासूबाईंचं येणं-जाणं वाढलं. माझ्या दुधाबद्दल त्या पुन्हा कधी काही बोलल्या नव्हत्या. मीही विषय काढला नव्हता.

मग माझी नणंद मंगल बाळंत झाली, बदलापूरच्याच एका दवाखान्यात. सकाळी सकाळी सासूबाई दारात उभ्या.

"चल गो वैजू. मंगल बालंत झाली. तू हायस तं बरा. मला काय समजत नाय."

इतकंच. यापेक्षा जास्त त्या बोलतील अशी माझी अपेक्षा नव्हती. मी चपला घातल्या आणि निघाले.

खोलीत मंगलच्या सासरच्या दोघी होत्या, हातात मधाची बाटली. मी ती बाजूला ठेवायला लावली. बाळ उचलून मंगलला दिलं. "धर. असं नाही, डोकं वर घे. तोंड उघडू दे मोठं. आता लाव. चीक टाकायचा नाही हं, एक थेंबसुद्धा नाही." मंगलने लावलं, सुटलं. "पुन्हा. खांदा सैल सोड. तू ताठ होतेस, म्हणून सुटतंय. इकडे बघ, मी दाखवते." मी तिचा पदर सरकवला, बाळाची मान धरली. मी सांगत होते ते सगळं बरोबर होतं. मला त्यातलं सगळं माहीत होतं, ते मी माझ्या कातडीवर शिकले होते.

बाळ रडायला लागलं. मी म्हटलं, "घाबरू नकोस, परत कर."

मंगलने माझ्याकडे बघितलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिच्या एका बाजूला तिच्या सासरच्या दोघी, दुसऱ्या बाजूला तिची आई, आणि समोर, तिच्या अगदी अंगावर वाकलेली, मी.

"वहिनी," ती हळू म्हणाली, "रागावू नकोस. तू जरा बाहेर बसशील? सगळेच बाहेर बसा ना. मला काही सुचत नाहीये."

तिच्या बाळाच्या मानेखालचा हात मी काढून घेतला. मागे झाले तेव्हा लक्षात आलं की मी दार आणि तिच्यामध्ये उभी होते.

मी बाकीच्यांना बाहेर काढलं, खिडकी उघडली आणि दार लोटून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकड्यावर मी आणि सासूबाई बसलो. आतून बाळाचं रडणं येत होतं. सासूबाई दाराकडे बघत होत्या.

"एकटीला जमंल काय तिला?"

"माहीत नाही, आत्या. हाक मारली की जाऊ."

थोड्या वेळाने रडणं थांबलं. बाळ प्यायला लागलं, की दमून झोपलं, की ती नुसतीच त्याला थोपटत होती, बाहेरून काही कळत नव्हतं. सासूबाई उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. माझेही पाय उठायला बघत होते.

आम्ही दोघी बसून राहिलो.